नमुना सही

अठ्ठ्याहत्तर साली बँकेकडून एक चूक झाली. भंडाऱ्याच्या शिक्षिका पार्वताबाई मेश्राम यांच्या नमुना सहीचं कार्ड, जे परक्याच्या नजरेलाही पडू द्यायचं नसतं, ते टपालानं नदीपलीकडच्या कारधा गावातल्या पार्वताबाई मेश्रामच्या घरी गेलं. ही पार्वताबाई बिड्या वळायची आणि बँकेत अंगठा लावायची. चार दिवसांनी चूक लक्षात आली, तेव्हा मॅनेजर स्वतः सायकल काढून पूल ओलांडून आले.

दारातूनच त्यांना भिंत दिसली. भिंतभर कोळशानं तीच सही काढलेली होती. आधीच्या वेड्यावाकड्या होत्या, शेवटची मात्र हुबेहूब कार्डावरची.

"दुसऱ्याची सही गिरवणं गुन्हा आहे, बाई. जेल होते."

"दुसऱ्याची कशी, साहेब?" पार्वताबाईनं मांडीवरचं बिड्यांचं सूप खाली ठेवलं. "पोस्टमननं वाचून सांगतलं, तुमचंच नाव हाय म्हणून. मले वाटलं, बँकेनं शिकाले पाठवलं."

साहेबांनी तिच्याकडून कार्ड घेऊन भिंतीवरच्या शेवटच्या सहीशी ताडून पाहिलं. मग त्यांनी ते कार्ड बॅगेत टाकलं आणि एक कोरं कार्ड काढून तिच्यापुढे ठेवलं.

"करा सही. पण थोडी वेगळी करा. दोघींची सारखीच झाली तर आमचा पुन्हा घोळ होईल."

पार्वताबाईनं जरा विचार केला आणि कोळसा त्यांच्याच हातात दिला.

"मंग खाली कारधा कसं लिवतेत, ते काढून द्या."