आईचा अंगठा

घटस्फोटात बायकोला घराचा तुकडाही मिळू नये, म्हणून लेकाने केस उभी राहण्याआधीच घर आईच्या नावावर करून ठेवलं. "म्हातारी अंगठेबहाद्दर आहे, दाखवीन तिथे अंगठा उठवते," असं तो वकिलासमोर दात काढून म्हणाला, आणि शेजारी बसलेल्या आईने ते मान खाली घालून ऐकलं. सून पोरीला घेऊन भाड्याच्या खोलीत राहायला गेली.

निकाल लागल्यावर लेक कागद आणि शाईचं पॅड घेऊन ऐटीत आला. "आई, झालं सगळं मनासारखं. आता घर परत माझ्या नावावर कर. उठव अंगठा."

आईने आधीच निळा झालेला अंगठा त्याच्या नाकासमोर धरला.



"सकाळीच उठवला, सुनेच्या बक्षीसपत्रावर. चपला बाहेर काढ, मालकिणीने आत्ताच फरशी पुसलीय."