परतीचं भाडं

आमच्या गावातली बिऱ्हाडं हलवायचं काम माझ्याकडे. टेम्पो माझा, दोर माझा आणि अक्कलही माझीच. कुणी सामान न्यायला बोलावलं की मी वर शाबासकी द्यायचो, "शहाणे आहात. इथे काय ठेवलंय?" भाडं मात्र दुहेरी घ्यायचो. शहरातून इकडे राहायला कुणीच येत नाही, येताना टेम्पो रिकामा आणावा लागतो, हे प्रत्येकाला तोंड पाडून समजावायचो. धंदा असा काही फोफावला की शेजारीपाजारी, शाळेचे मास्तर, केस कापणारा आणि शेवटी माझा सख्खा मेहुणा, सगळ्यांना मीच पोचवून आलो. कॉलर ताठ करून!

गेल्या हिवाळ्यापासून फोन वाजलेला नाही. परवा मी बायकोपुढे तणतणलो, "या गावात माणसानं धंदा करायचा तरी कसा? हलवायला एक बिऱ्हाड शिल्लक नाही!"

"एक आहे," ती म्हणाली. तिने कपबशा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतल्या होत्या.

मी सवयीनं दोर आणायला वळलो, तशी ती मागून म्हणाली, "आणि अहो, या खेपेला परतीचं भाडं धरू नका."