दीर्घ ऊ

ओहायोतल्या त्या लहानशा गावच्या संग्रहालयात, पश्चिमेकडे निघालेल्या कुठल्याशा कुटुंबाच्या गाडीचे चाक काचेआड ठेवले होते. नीलकंठमास्तरांनी ते चष्मा सरसावून पाहिले आणि ते नातीला म्हणाले, "दीडशे वर्षांचं चाक म्हणे. आमच्याकडे याच्याहून जुनी चाकं अजून ऊस ओढतात."

"आजोबा, हळू बोला."

"का? चाकाला वाईट वाटेल?"

पुढच्या दालनात अलीकडे देशोदेशींहून आलेल्यांच्या वस्तू मांडल्या होत्या. तिथे एका चौकटीत मास्तरांना स्वतःचे अक्षर दिसले. चाळीस वर्षांपूर्वी मुलाने अमेरिकेतून धाडलेले ते पत्र होते. शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दुरुस्त करून मास्तरांनी ते उलटटपाली त्यालाच परत पाठवले होते. खाली इंग्रजीत पाटी होती: लाल खुणा म्हणजे वडिलांचे आशीर्वाद.

"आशीर्वाद?" मास्तर फिसकन हसले. "कुठल्या अडाण्याने लिहिली ही पाटी?"

"बाबाने. पत्रही त्यानेच दिलंय."

मास्तरांचे हसू ओसरले. नातीने सर्वांत ठळक लाल वर्तुळावर बोट टेकवले. "मला मराठी वाचता येत नाही. इथे काय आहे?"

मास्तरांनी सावकाश वाचले, "इथे जीव रमत नाही. परत येउ का?"

"मग तुम्ही काय कळवलंत?"

पत्राच्या समासात, तळाशी, कडेला, मास्तरांची नजर फिरून आली. दुरुस्त्यांखेरीज लाल शाईत एक अक्षरही नव्हते.

"येऊमधला ऊ दीर्घ असतो," ते म्हणाले. "तेवढंच कळवलं."