स्क्रू ढिला कोण ठेवतं?

"तुम्हीच स्क्रू ढिला ठेवताय, बाई! मुद्दाम ठेवताय!"

शिरूरच्या दातांच्या दवाखान्यात शेखलाल खुर्चीत बसायच्या आधीच ओरडला. बाहेर गाल धरून बसलेली रंगुबाई दारात येऊन उभी राहिली.

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे चढवले. "बसा मामा. बघू तर द्या."

"काय बघताय? परत हलतोय. पोरीच्या साखरपुड्यात यवतच्या व्याह्यांसमोर दात ताटात पडला. टण्णकन वाजला! व्याही म्हणतो, शेखलालभाई, मटणात नट घातला काय? आता रविवारी निकाह हाय. पुन्हा पडला, तर रुबीच्या सासरी माझं नावच नट पडंल."

रंगुबाई फिस्सकन हसली.

बाईंनी हाडात बसवलेला खुंट तपासला. तो पक्का होता. स्क्रूनं आवळलेला वरचा दात तेवढा गरगर फिरत होता.

"स्क्रूच्या भोकावरचा मसालाही निघालाय. घरी कुणी हात लावत नाही ना?"

शेखलाल उसळला. "सणसवाडीच्या कंपनीत आख्खी नोकरी मेंटेनन्समधी काढली. रोज सकाळी मशीन चालू व्हायच्या आधी एकेक नट आवळायचो. माझ्या हातचा नट कवा ढिला झाला न्हाई. आन् मलाच विचारता?"

"व्हय की," रंगुबाई म्हणाली. "बाईंच्या मनगटात जोरच न्हाई."

बाई लालबुंद झाल्या. त्यांनी नवा स्क्रू घातला. ठरलेला जोर पडला की वाजणारा पाना लावला. कट्. जरा थांबून पुन्हा कट्. वर कापूस, मसाला.

"आता हलला, तर दवाखान्याची पाटी उतरवते."

"रंगुबाई, तू साक्षीला हायस!"

स्टँडवर शेखलालनं उसाचं कांडं त्याच दाताखाली कडाकडा फोडलं. दात हलला नाही. तळेगाव ढमढेरेपर्यंत जीपमधल्या सगळ्यांना त्यानं जबडा उघडून दाखवला. जाब विचारल्याशिवाय शिकलेली माणसं सरळ काम करत नाहीत, हे त्यानं ड्रायव्हरलाही पटवून दिलं.

रविवारी सकाळी निकाहचे कपडे घालून तो आरशासमोर उभा राहिला. दात दगडासारखा पक्का होता. पण मशीन चालू व्हायच्या आधी एकदा हात फिरवायचा म्हणजे फिरवायचा. त्यानं सुईनं मसाला उकरला. कानशीनं घासून केलेला आपला बारीक पाना भोकात बसवला. दर वेळेसारखा, आरशात उजवीकडे फिरताना दिसेल असा पिळला. मागच्या भिंतीवरचं घड्याळ आरशात उलटं चाललं होतं. तिकडे कोण बघतो?

पाना आधी अडला, मग सरसर फिरला.

"बघा! केवढा ढिला ठेवला होता!"

भोकात मेण दाबून त्यानं मिशीवर हात फिरवला आणि आरशातल्या माणसाला दरडावलं,

"आज हा पडला ना, तर भर मांडवातनं येऊन विचारीन. आता बोला, स्क्रू ढिला कोण ठेवतं?"