बिनपडद्याचा संगणक

"गुरुपौर्णिमा उद्यावर आली आणि हेही सॉफ्टवेअर कुचकामी!" मी पुटपुटलो.

बायकोच्या दिवंगत गुरूंची मैफल त्यांच्या शिष्यांनी टोरेंटवर, म्हणजे इंटरनेटवरून तुकड्यातुकड्यांनी उतरवून घ्यायला, ठेवली होती. ती तिला ऐकवायची, म्हणून मी कपाटामागे बिनपडद्याचा, कमी वीज खाणारा संगणक गुपचूप बसवला. डाउनलोडसाठी हलकं म्हणून एक सॉफ्टवेअर घेतलं, दणकट म्हणून दुसरं, भाच्याच्या भरवशावर तिसरं. डाउनलोड रोज दुपारी बंदच पडे.

आज दुपारची झोप मोडून पहारा दिला. बायकोने येऊन संगणकाचा प्लग काढला, तिथे इलेक्ट्रॉनिक तंबोरा लावला आणि ती रियाजाला बसली.

"अगं, तो चालू होता!"

"पडदा नाही, आवाज नाही. मला वाटलं, उगाच बसलाय," ती म्हणाली. "रिटायर झाल्यापासून तुम्हीही असेच बसता. तुमचा प्लग तेवढा सापडत नाही."