देवीचा ना-हरकत दाखला

देवीच्या उजव्या अंगाला चिकटवलेलं फूल काही केल्या पडत नव्हतं, आणि मेलबर्नची बँक शुक्रवारच्या पुढे थांबणार नव्हती.

वाघजाईच्या देवळात सगळी वाडी जमली होती. उजवं फूल पडलं तर देवीचा होकार, डावं पडलं तर नकार. भागोजी गुरवाने तिसऱ्यांदा गाऱ्हाणं घातलं.

"बाये म्हाराजा, तुझ्या पालखीचा पयला खांदा हौसाबायच्या विनीतचा. त्याला परमुलखात घर घ्यायचाय. बँक बोलते, खांदा सुटल्याबिगर कर्ज न्हाय. तर त्याला मोकळा कर!"

"व्हय म्हाराजा!" वाडी ओरडली. वाडीला सवयच. भागोजी 'वाडी पेटू दे' म्हणाला असता तरी 'व्हय म्हाराजा' आलंच असतं.

हा सगळा घोळ दर्शन वकिलाच्या हुशारीचा. तीन वर्षांपूर्वी विनीतला ऑस्ट्रेलियाचा तात्पुरता व्हिसा हवा होता. मुदत संपली की पोरगा परत जाईल, याचा पुरावा तिकडच्या साहेबाने मागितला. दर्शनने देवरुखच्या आपल्या ऑफिसात बसून स्टॅम्प पेपरवर ठोकून दिलं: शिमग्याच्या पालखीचा पहिला खांदा या घराण्याचा, बाप वारला, आता तो मान एकट्या विनीतचा, सबब तो परत येणारच. हौसाबाईंनी खाली आपलं नाव लिहिलं. लिहिता तेवढंच येत होतं, पण ते त्या ऐटीत लिहायच्या.

साहेबाला कागद पटला. पोरगा गेला.

आता विनीतने कर्जाच्या अर्जाला व्हिसाचे सगळे कागद जोडले, त्यात हाही गेला. बँक हबकली. परत जाणारच म्हणून आईने शपथेवर सांगितलेल्या माणसाला तीस वर्षांचं कर्ज द्यायचं कसं? पत्र आलं. दर्शनने ते मराठीत वाचून दाखवलं. पालखीचं वजन किती? ती उचलण्याची जबाबदारी किती वर्षांची? बदली माणूस चालतो का? आणि सगळ्यात शेवटी: पालखी ज्यांच्या मालकीची आहे त्यांचा ना-हरकत दाखला पाठवावा.

"मालक म्हणून सरपंचाचं नाव घालू, काकी?" दर्शनने विचारलं होतं.

"पालखी देवीची हाय, मेल्या. सरपंचाला सोताची मोटरसायकल उभी करता येत न्हाय, तो पालखीचा मालक?"

म्हणून हा कौल. दर्शन पुराव्यासाठी मोबाईलवर चित्रण करत होता. दुसऱ्या मोबाईलवर खुद्द विनीत होता. त्याला समईला टेकवून ठेवलं होतं.

"आई, घरमालकाने पुन्हा घर खाली करायला सांगितलंय," समईपाशी विनीत बोलला. "तुझ्या नातीची, सानवीची ही तिसरी शाळा. आता ती कोणाशी मैत्रीच करत नाही. म्हणते, कशाला?"

"गप ऱ्हा. कौल देवी देते, तुझा घरमालक न्हाय."

हौसाबाईंनी तीन शिमगे त्या खांद्याच्या जागी कोणाला फिरकू दिलं नव्हतं. पुतण्या खंडू रेड्यासारखा धट्टाकट्टा, दरवर्षी कंबर कसून पुढे यायचा आणि शिव्या खाऊन मागे जायचा. "ती जागा विनीतची. तो येनारच." चौघांची पालखी तिघं उचलायचे. पुढचा एक कोपरा खाली जायचा. देवी तीन वर्षं वाकडी बसून गावभर फिरली, पण हौसाबाईंना सांगणार कोण?

पाऊण तास झाला. फुलं जागची हलेनात. हौसाबाई उठल्या. भागोजीला त्यांनी बाजूला सारलं आणि देवीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बाये, तीन वर्सं माझ्या हट्टापायी वाकडी बसलीस. तुझी कंबर गेली आसंल. आता पुरे. ह्या शिमग्याला खंडू खांद्याला लागंल. माझ्या नातीला एक शाळा मिळू दे."

उजवं फूल टपकन पडलं.

"व्हय म्हाराजा!" या वेळी वाडी कोणी न सांगता ओरडली. खंडू तर दोनदा ओरडला. समईपाशी विनीत डोळे पुसत होता.

दर्शनने तिथेच मांडी घालून बँकेचा फॉर्म काढला. ना-हरकत देणाऱ्याचं नाव: श्री देवी वाघजाई. पत्ता: देऊळ. व्यवसायाच्या रकान्याशी तो अडला. भागोजीने सांगितलं, "राखणदारी." ते त्याने लिहिलं. देवीच्या वतीने भागोजीने सही केली.

"झालं की न्हाय?" हौसाबाईंनी विचारलं.

"एक रकाना राहिलाय, काकी. तो तुम्ही भरायचा, तुमच्या हाताने." दर्शनने घसा खाकरला. "अर्जदाराने मायदेशी परत यावं, असा आणखी कोणाचा हक्क आहे काय?"

समईपाशी विनीतने मान खाली घातली.

"म्हंजे काय लिवायचं?"

"हक्क असेल तर त्या माणसाचं नाव. नसेल तर 'नाही'." मग दर्शनचा आवाज उतरला. "तुमचं नाव तर तुम्हाला लिहिता येतंच, काकी."

हौसाबाईंनी पेन हातात घेतलं. रकान्यावर टेकवलं. मग उचलून दर्शनपुढे धरलं.

"ह्या पाठल्या बाजूला 'नाही' लिवून दाखव. बघून काढते."