हळिवातली पायवाट

त्रेचाळीस सालच्या दिवाळीत लालासाहेबांनी अंगणात मातीचा किल्ला केला नाही. ताकारीचं स्टेशन केलं. मुलगा मानसिंग लढाईवर गेला तो तिथूनच गाडीत बसून. छत्रीच्या काड्यांचे रूळ, आगपेट्यांचे डबे, फलाटावर मातीचा शिपाई आणि पलीकडं मातीचंच त्यांचं स्वतःचं घर नि गोठा. मधल्या रानात ऊस म्हणून हळीव पेरले.

मानसिंग कामी आल्याची तार येऊन बारा दिवस झाले होते. ती त्यांनी गोठ्याच्या वळचणीत खोचून ठेवली होती. बायकोला, राहीबाईंना, सांगितलं नव्हतं.

हळीव बोटभर वाढले आणि त्यात फलाटापासून एक बारीक पायवाट पडली. लालासाहेबांनी रोपं सरळ केली. सकाळी वाट पुन्हा पडलेली, वीतभर पुढं आलेली. शिपाई जागचा हलला नव्हता.

पहिल्या आंघोळीच्या सकाळी राहीबाई उटण्याची वाटी घेऊन अंगणात आल्या. वाकून बघत राहिल्या.

"आवं, पोरगं घरापातूर आलं, पर दारात न्हाई थांबलं. गोठ्याकडं का गेलं वो?"

लालासाहेबांची नजर खऱ्या गोठ्याच्या वळचणीकडं गेली.

राहीबाईंनी वाटी खाली ठेवली आणि त्या गोठ्याकडं चालू लागल्या.